लाल मून कॅक्टस: फेकू नका, परत कलम करा
तुम्ही विचारलंय की लाल मून कॅक्टस (म्हणजे हिरव्या खोडावर कलम केलेला लाल गोळ्याचा निवडुंग) खालून मऊ पडलाय, फेकून देऊ का. अजिबात नको! त्या लाल गोळ्यात हरितद्रव्यच नसतंय, तो सगळा खालच्या हिरव्या तिधारी खोडावर जगतो, आणि ते खोड ड्रॅगनफ्रूटच्या जातीचं, आपल्या बेळगावच्या पावसात कुंडीत पाणी साचलं की पहिलं तेच कुजतं बघा. गोळा घट्ट असेल तर ड्रॅगनफ्रूटचं ताजं खोड घ्या, ब्लेड स्पिरिटनं पुसून दोन्ही आडवे कापा, कापात एक फिकट गोल कडं दिसेल, तेच महत्त्वाचं, दोन्ही कडी कुठंतरी एकमेकांवर यायलाच पाहिजेत, गोळा लहान असेल तर मध्यावर न ठेवता जरा बाजूला सरकवा. खोडाच्या धारा थोड्या तिरक्या छाटायच्या, नाहीतर सुकताना मधला भाग आत बसतो न् गोळा सुटतो, माझे पहिले दोन असेच गेले, लई वाईट वाटलं. रबरबँड लावून आठ-दहा दिवस सावलीत, कापावर पाणी नको. मी हे फेब्रुवारी-मार्चमध्येच करते, पण तुमचं कुजायला लागलंय तर थांबू नका, आजच कापा. आणि कापात तपकिरी ठिपका दिसला तर तो जाईपर्यंत पातळ चकत्या काढत जा, दरवेळी ब्लेड पुसून.