मदत हवी आहे : घटनादुरुस्तीसाठी सार्वमताची १९७८ ची तरतूद

नमस्कार. साताऱ्यातील आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात मला मताधिकार आणि सार्वमत या विषयावर मांडणी करायची आहे. स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकांत मताधिकार देण्याचा प्रस्ताव १९५९ च्या सार्वमतात फेटाळला गेला आणि १९७१ मध्ये मंजूर झाला. मतदान अर्थातच दोन्ही वेळा केवळ पुरुषांनीच केले होते. आयर्लंडने १९७२ मध्ये सार्वमत घेऊनच मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले, तर आपल्याकडे तोच बदल ६१ व्या घटनादुरुस्तीने, जनतेचा थेट कौल न घेता झाला. इथपर्यंतची माहिती जमली आहे.

अडचण पुढे आहे. जनता पक्षाच्या सरकारने १९७८ मध्ये मांडलेल्या ४५ व्या घटनादुरुस्ती विधेयकात, प्रौढ मताधिकारावर आधारित मुक्त निवडणुकांसारख्या मूलभूत बाबींना धक्का देणारी दुरुस्ती सार्वमताशिवाय करता येऊ नये, अशी तरतूद होती. राज्यसभेने ती गाळली आणि उरलेले विधेयक ४४ वी दुरुस्ती म्हणून अमलात आले. माझ्या मते आपल्या घटनेच्या इतिहासातील हा फार दुर्लक्षित प्रसंग आहे.

या तरतुदीवरील दोन्ही सभागृहांतील चर्चा मराठीत कुठे वाचायला मिळेल का? त्या वेळी साताऱ्याचे खासदार असलेल्या यशवंतराव चव्हाणांनी याबाबत कोणती भूमिका घेतली होती, हेही कोणी आधारासह सांगितल्यास मी आभारी राहीन. त्या काळातील मराठी वृत्तपत्रांची कात्रणे कोणाकडे असल्यास तीही उपयोगी पडतील.