मदत हवी आहे: बंदुकीचं दुकान चालवायचं कसं?

नमस्कार मंडळी. काकांचं परवानाधारक बंदुकीचं दुकान आता मी बघतो. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने शस्त्र परवान्यावर तीनाऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वडिलोपार्जितही त्यातच धरतात. परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली, तेवढाच गिऱ्हाइकांना दिलासा. आमची नवी विक्री मात्र जवळपास थांबलीय.

येतात ते बहुतेक वारसदार. परवा एक बाई सासऱ्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून जमा करायला आल्या. काकांनी ती उघडून नळ्या रिकाम्या आहेत ना बघितलं, आणि वर न बघताच म्हणाले, "कागद कुठायत? ते आणा, मग बोलू." कागद हवेतच, पण बसा म्हणायला काय जातं? त्याच कायद्याच्या कलम 21 प्रमाणे बाई बरोबरच वागत होत्या. पोलीस ठाणं किंवा परवानाधारक विक्रेता, दोन्हीकडे जमा करता येते.

या धंद्यातलं कुणी आहे का इथे? जमा हत्यारं सांभाळण्याचं भाडं आणि वारसांच्या अर्जांना मदत, एवढ्यावर दुकान निघतं का? नोंदवही कशी ठेवता? आणि काकांना गोड बोलायला कसं शिकवू, तेही सांगा!