फोनचा प्रो मोड: गोव्याच्या उजेडात खरंच लागतो का?

मांडवीकाठ
"फोन चांगला आहे, ऑटोवर ठेव आणि बटण दाब" हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. फोनमध्ये प्रो मोड, म्हणजे सेटिंग हाताने लावायची सोय, असेल तर शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) या तीन गोष्टी तरी हाताने लावायला शिकाव्यात. अ‍ॅपर्चरचा (लेन्सच्या भोकाच्या आकाराचा) विचार करायची गरजच नाही, कारण बहुतेक फोनमध्ये ते एकच असतं, मुख्य कॅमेऱ्याला साधारण एफ/१.८.

आपले विषयच असे आहेत की ऑटो तिथे कमी पडतो. शिगम्याची, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाची, मिरवणूक घ्या. पणजीत चित्ररथ पुढे सरकेपर्यंत अंधार पडलेला असतो आणि रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचत जाणारं पथक) सतत हलता. ऑटो कॅमेरा आयएसओ वाढवण्याऐवजी शटर १/३०, १/४० सेकंदापर्यंत खाली आणतो. चेहरे बरे येतात, पण ढोलावरचा हात आणि हवेतला पाय पुसून जातो. नाचणाऱ्या माणसाला किमान १/२५० हवं, उडी पकडायची तर १/५००. रस्त्यावरच्या दिव्यांत एफ/१.८ ला १/२५० ठेवलं की आयएसओ १२५० ते २५०० लागतो. फोटो जरा फुटतो, म्हणजे दाणेदार होतो, फुटू दे. फुटलेला फोटो नंतर सावरता येतो. हललेल्याला औषध नाही.

दुसरं उदाहरण मिरामारच्या सूर्यास्ताचं. ऑटो व्हाइट बॅलन्सला केशरी रंग जास्त झाल्यासारखा वाटतो आणि तो चित्रात निळा मिसळून सगळं मिळमिळीत करतो. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) बांधून ठेवा, आकाश डोळ्याला दिसतं तसं येईल.

मत असं की मिरवणूक, दिवजां (दिव्यांची जत्रा), नरकासुर, पावसातला धबधबा, एवढ्यांसाठी तरी प्रो मोड यायलाच हवा. विरुद्ध मत असेल तर कारणासह लिहा.

फोंडेवाट
कारणासह लिहितो. प्रो मोडमध्ये गेल्याबरोबर तुम्ही फोनची सगळ्यात मोठी ताकद बंद करता.

फोनचा सेन्सर नखाएवढा. त्यातून जो स्वच्छ फोटो बाहेर येतो तो एका फ्रेमचा नसतोच. ऑटोमध्ये कॅमेरा उघडला की फोन मागच्या मागे फ्रेम साठवत राहतो, बटण दाबलं की त्यातल्या काही उचलून, एकमेकांवर जुळवून एक करतो. नऊ फ्रेमची सरासरी काढली की नॉइज (दाणेदारपणा) तिसऱ्या हिश्श्यावर येतो, हे साधं वर्गमुळाचं गणित आहे. गूगलने हे तंत्र एचडीआर प्लस नावाने आणलं, २०१८ मध्ये त्यावरच नाइट साइट उभी केली, आणि आज बाकीचे मोठे फोनही याच वाटेने जातात. बहुतेक फोनच्या प्रो मोडमध्ये मात्र एकच फ्रेम मिळते. म्हणजे आयएसओ २५०० ची एकटी फ्रेम त्या छोट्या सेन्सरवर. सावलीतले काळे केस चिखलासारखे दिसतात आणि मागचा दिवा पांढरा जळतो.

उडीबद्दलही बोलू. ऑटोमध्ये साठवलेल्या फ्रेममुळे बोट टेकलं त्या क्षणाचाच फोटो मिळू शकतो. प्रो मोडमध्ये अनेक फोन बटण दाबल्यावर फ्रेम घ्यायला सुरुवात करतात. नाचणारा तोवर खाली आलेला असतो.

आणि १/५०० चा सल्ला शिगम्यात धोक्याचा आहे. चित्ररथांवर एलईडीची रोषणाई असते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/१०० पेक्षा वेगवान केलं की फोटोत काळे पट्टे येतात, कारण फोनचा सेन्सर एका दमात नाही, एकेक ओळ वाचत जातो. ऑटोला हे कळतं आणि तो १/१०० किंवा १/५० धरून बसतो. तुम्ही ज्याला कमीपणा म्हणता ते बऱ्याचदा त्याने जाणूनबुजून केलेलं असतं.

माझा मार्ग: ऑटो, विषयावर बोट दाबून धरून एक्स्पोजर आणि फोकस लॉक, मग बाजूची सूर्याची पट्टी खाली ओढून उणे ०.७ ते उणे १. एवढ्यावर दहातले नऊ फोटो निघतात.

मांडवीकाठ
पट्ट्यांचा मुद्दा खरा आहे, पण त्याचा निष्कर्ष उलटा निघतो. १/१०० वर शटर अडकवून ठेवायचं तर तेही प्रो मोडमध्येच जमतं. ऑटो आता १/१०० धरेल, चित्ररथ पुढे गेला की १/३० वर उतरेल, आणि तुम्हाला ते फोटो मोठा करून बघेपर्यंत कळणार नाही.

शिवाय चित्ररथांवरचे दिवे जनरेटरवर चालतात आणि रंग बदलणाऱ्या पट्ट्यांचा कंट्रोलर स्वतःच्या वेगाने लुकलुकतो. तिथे ५० हर्ट्झचा हिशेब चालतच नाही. स्क्रीनवर पट्टे सरकताना दिसतात, ते बघत शटर एकेक पायरी खाली आणायचं, १/१२५, १/१००, १/८०, आणि पट्टे निवळले की थांबायचं. उडी पकडायची तर चित्ररथापासून लांब, साध्या दिव्याखाली आलेला रोमटामेळ निवडा, तिथे १/२५० ला पट्टे आले तरी फिकट येतात. व्हिडिओलाही हेच लागू: १/५० किंवा १/१००, १/६० नको.

दर्यादेग
दोघांनीही लेन्सचा विषय काढला नाही, आणि प्रो मोडचा सगळ्यात मोठा फायदा मला तिथे दिसतो. ऑटोमध्ये तुम्ही ३एक्स झूम दाबता आणि उजेड कमी असला की फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करून देतो. स्क्रीनवर आकडा ३एक्सच राहतो. तपासायचं असेल तर ३एक्स लावून मागच्या टेलि (लांबचं जवळ आणणाऱ्या) लेन्सवर बोट ठेवा. चित्र काळं झालं नाही तर ती लेन्स वापरात नाहीच. जवळच्या फुलावर गेलात की तसंच, काही फोन न सांगता अल्ट्रावाइड (सगळ्यात रुंद) लेन्सवर उडी मारतात. बऱ्याच फोनच्या प्रो मोडमध्ये जी लेन्स निवडाल तीच राहते.

मात्र टेलिचा सेन्सर आणखी छोटा आणि अ‍ॅपर्चरही लहान, एफ/२.४ पासून एफ/३.४ पर्यंत. दिव्यांच्या उजेडात ती हट्टाने वापरलीत तर फोटो फुटणारच. चोडणच्या फेरीबोटीतून दुपारी बगळा टिपायचा असेल तर टेलि, संध्याकाळी सातनंतर मुख्य कॅमेरा आणि दोन पावलं पुढे.

आबोली
वाद वाचते आहे, पण मला एक साधी गोष्ट हवी आहे. चवथीला गणपतीवर बांधलेल्या माटोळीचा (फळाफुलांच्या चौकटीचा) फोटो कधीच नीट येत नाही. हिरवी पानं निळसर, सुपारीचे घोस मळकट, आणि गणपतीचा चेहरा लाल-निळा. यासाठी प्रो मोड शिकावाच लागेल का?

मांडवीकाठ
आबोलीताई, थोडासाच. आधी लुकलुकणाऱ्या माळा फोटोपुरत्या बंद करा. तीन रंगांचे दिवे एकत्र असतील तर कुठलाच व्हाइट बॅलन्स बरोबर येत नाही, हे गणित सॉफ्टवेअरलाही सुटत नाही. खोलीत एकाच जातीचा उजेड ठेवा: पिवळे बल्ब असतील तर २८०० ते ३००० केल्विन, पांढरी ट्यूब असेल तर ५५०० ते ६०००. दिवसा दार-खिडकी उघडून ट्यूबही बंद केली तर सगळ्यात छान, तेव्हा ५५०० लावा. आकडा बरोबर आहे का ते बघायला कोरा पांढरा कागद माटोळीखाली धरा आणि तो स्क्रीनवर पांढरा दिसेपर्यंत पट्टी सरकवा. फोनमध्ये टिंट (हिरवा-गुलाबी पट्टी) असेल तर ट्यूबचा हिरवेपणा घालवायला किंचित मॅजेंटाकडे न्या.

वाइडने जवळून काढू नका. माटोळीची चौकट वरून वाकडी येते आणि कडेचे नारळ लांबट होतात. खोलीच्या दारापर्यंत मागे जा, २एक्स लावा, फोन गणपतीच्या छातीच्या उंचीवर सरळ धरा. समईची ज्योत जळत असेल तर एक्स्पोजर उणे ०.३.

फोंडेवाट
व्हाइट बॅलन्सबद्दल माझा वाद नाही, तो हाताने लावण्यासारखाच आहे. ताईंना फक्त एवढं सांगेन की शटर आणि आयएसओ ऑटोच राहू द्या. अनेक फोनमध्ये एकच गोष्ट हाताने आणि बाकीच्या ऑटो असं चालतं. शटर आणि आयएसओ दोन्ही हाताने लावले की एक्स्पोजरची पट्टी चालेनाशी होते, आणि नेमकं आरतीच्या वेळी दिवे मंद केले की फोटो काळाकुट्ट.

डिचोलीचो_पावस
धबधब्याचा विषय मांडवीकाठ यांनी नुसता उल्लेखून सोडला, त्यात आकडे घालतो. हरवळ्याला पाणी रेशमासारखं दाखवायचं तर शटर अर्धा ते पाव सेकंद हवं. फोनचं अ‍ॅपर्चर बारीक करता येत नाही, म्हणून भर उन्हात आयएसओ ५० ला सुद्धा शटर १/४००० च्या आसपास येतं. पाव सेकंदावर न्यायला उजेड हजार पटीने कमी करावा लागेल, म्हणजे एनडी १००० (उजेड तेवढ्या पटीने अडवणारा काळा फिल्टर). दाट ढग असतील तर १/५००, मग एनडी १२८ पुरतो. झाडांच्या गर्द सावलीत १/६० ते १/१२५, तिथे एनडी १६ किंवा ३२. चिमट्याने लावायचे फिल्टर मिळतात, पण चिमटा एकाच लेन्सवर नीट बसला आहे ना ते बघा. बाजूने उजेड शिरला की फोटोच्या मधोमध धुरकट डाग येतो.

ट्रायपॉड आणि २ सेकंदांचा टायमर हवाच. फोकस एकदा दगडावर लावून हाताने बांधून टाका, नाहीतर ऑटोफोकस पडत्या पाण्यावर मागे-पुढे होत राहतो.

पावसात मोड कुठलाही असो, आधी काच पुसा. एसी गाडीतून फोन बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते. दहा मिनिटं बाहेरच्या हवेला राहू द्या, मग मायक्रोफायबरने पुसा. किनाऱ्यावर खारा थर बसतो, तो कोरडा घासू नका, ओल्या फडक्याने उचला. "माझ्या फोनचा कॅमेरा धूसर झाला" या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच संपतात.

फोंडेवाट
आयफोनवाल्यांना धबधब्यासाठी एवढा खटाटोप नको. लाइव्ह फोटो काढा, गॅलरीत त्यावर लाँग एक्स्पोजर निवडा. बटणाच्या आधी दीड आणि नंतर दीड सेकंद, अशा फ्रेम मिसळून पाणी मऊ होतं. फिल्टर नको, हात मात्र दगडाला टेकवलेला हवा. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात हाताने शटर लावायची सोयच नाही, त्यासाठी हॅलाइडसारखं वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं.

डिचोलीचो_पावस
चालतं, पण त्या फोटोचा तपशील कमी होतो, कडाही थोड्या कापल्या जातात. मोबाइलवर बघायला ठीक, भिंतीवर लावायला फिल्टरच.

मांडवीकाठ
फोंडेवाट, एका फ्रेमच्या नॉइजला तोड म्हणून आरएडब्ल्यू (रॉ, म्हणजे फोनने प्रक्रिया न केलेली फाइल) आहे की. डीएनजी फाइल घ्या, नंतर निवांत नॉइज काढा. सावली दोन पायऱ्या (इथे एक पायरी म्हणजे दुप्पट उजेड) उचलता येते, व्हाइट बॅलन्स तर मागाहून हवा तसा बदलता येतो.

फोंडेवाट
साध्या प्रो मोडचं डीएनजी एकाच फ्रेमचं असतं, त्यात सावली उचलली की रंगीत ठिपके वर येतात. लेन्सचा वाकडेपणा आणि कोपऱ्यांचा काळोखही बऱ्याचदा तुम्हालाच दुरुस्त करावा लागतो. सॅमसंगचं एक्स्पर्ट रॉ आणि अ‍ॅपलचं प्रोरॉ वेगळं आहे, ती अनेक फ्रेम जुळवून केलेली फाइल असते. म्हणजे आरएडब्ल्यूमध्येही शेवटी फ्रेम जुळवणंच कामाला येतं. जागेचाही विचार करा: प्रोरॉची १२ मेगापिक्सेलची एक फाइल साधारण २५ एमबी, ४८ ची ७५ एमबी. शिगम्याच्या एका रात्रीत फोन भरेल.

आबोली
माटोळीचं समजलं, देव बरें करूं. आता त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीला विठ्ठलापूरमध्ये वाळवंटी नदीत नौका सोडतात, त्याला काय लावू? पाण्यावर दिवे, काठावर गर्दी, वर चंद्र.

मांडवीकाठ
नाइट मोड बंद. तीन सेकंदांत नौका सरकते, दिव्यांच्या रेघा होतात आणि पाण्यातलं प्रतिबिंब, जे फोटोचा जीव आहे, ते पिठासारखं सपाट होतं. शटर १/४०, आयएसओ ८००, व्हाइट बॅलन्स ३२००. तेलाची ज्योत १९०० केल्विनच्या आसपास असते, तेवढं खाली गेलात तर ती पांढरी पडेल आणि काठ निळा. ३२०० ला ज्योतीचं सोनं टिकतं. फोकस नौकेवर लावून बांधा. नौकांवर एलईडी असतील तर १/५०.

फोंडेवाट
नाइट मोड बंद, इथवर मान्य. पण पुढे साधा ऑटो, ज्योतीवर लॉक आणि उणे १. काठावरचे चेहरे एका फ्रेममध्ये काळे राहतील, जुळवलेल्या फ्रेममध्ये दिसतील. नौकेची गती एवढी कमी असते की १/३० ला ती हलत नाही.

चंद्राचं मात्र दोघांच्याही पद्धतीने जमणार नाही. पूर्ण चंद्राला एफ/१.८ आणि आयएसओ ५० ला शटर १/२००० च्या आसपास लागतं. नौकांच्या एक्स्पोजरपेक्षा हा उजेड सुमारे ८०० पट, म्हणजे साडेनऊ पायऱ्यांचा फरक. मुख्य कॅमेऱ्यात चंद्र तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका येईल, बस. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारालाच उगवतो, त्यामुळे त्याचा फोटो नौका पाण्यात उतरायच्या आधी, आकाश निळं असताना घ्या. नंतर नौका टिपताना चंद्र फ्रेमबाहेर ठेवा आणि पाण्याच्या पातळीजवळ खाली बसा, प्रतिबिंब लांब मिळतं.

मांडवीकाठ
खाली बसण्याबद्दल दुमत नाही. ऑटोबद्दल आहे: काठावर कुणी फ्लॅश मारला किंवा दारूकाम सुरू झालं की त्याचं लॉक नसलेलं एक्स्पोजर लगेच बदलतं, आणि लॉक लावलंत तरी एका फोटोनंतर ते सुटतं की नाही हे प्रत्येक फोनवर वेगळं आहे. ताई, घरी आदल्या रात्री समई लावून स्वतःच्या फोनवर हे आधी तपासा. फोनमध्ये प्रो मोडची सेटिंग्ज साठवायची सोय असेल तर १/४०, ८००, ३२०० तिथेच साठवून ठेवा, म्हणजे गर्दीत पट्ट्या सरकवत बसावं लागणार नाही.