काळ्या मातीतल्या रस्त्याला काँक्रीट हवं की मैलकुली?

खारपाणपट्टेवाला (धागाकर्ता)
मी दर्यापूर तालुक्यातला, म्हणजे खारपाणपट्ट्यातला (जमिनीखालचं पाणी खारट असलेला पूर्णाकाठचा भाग). आमच्या गावावरून जाणारा राज्य मार्ग नवा डांबरला की दुसऱ्या पावसाळ्यात उखडतो. माझ्या मते दोष डांबराचा नाही, पाण्याचा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. रस्त्याकडेच्या भेगांतून पहिलं पाणी थेट रस्त्याच्या पोटात जातं आणि वरून जड गाडी गेली की डांबर खचतं. नाली मोकळी आणि साइडपट्टी मुरमाने दाबलेली असेल, तर हे बरंचसं टळतं. हे काम पूर्वी मैलकुली, म्हणजे रस्त्याचा ठरलेला तुकडा सांभाळणारे सरकारी मजूर, करायचे. पावसाळ्याआधी नाली उपसायचे, खड्डा टोपल्याएवढा व्हायच्या आत बुजवायचे. ते निवृत्त होत गेले, आमच्या भागात त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मैलकुली परत नेमा.

मूर्तिजापूरकर
नाही पटलं, भाऊ. आता गिट्टी-रेतीचे ओव्हरलोड टिप्पर धावतात, तिथं फावडं-घमेलं काय करणार? सरळ काँक्रीट करा. अमरावती-अकोला रस्ता आठवा, जुना सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, आताचा 53. किती वर्षं त्या खड्ड्यांत आम्ही कंबरडी मोडून घेतली! मग जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटरची लेन टाकली, गिनीजमध्ये नोंद झाली. मनावर घेतलं की होतं.

खारपाणपट्टेवाला
दादा, ती लेन डांबराचीच होती. आणि खालची माती फुगली की काँक्रीटलाही तडे जातात. आमच्या गावात काँक्रीटने रस्ता इतका उंच झाला, की पावसाचं पाणी आता घरात शिरतं. नाली काढलीच नाही.

अकोटची लेक
माझे बाबा मैलकुली होते. उकळतं डांबर उडून त्यांच्या पायांवर पडलेले डाग शेवटपर्यंत गेले नाहीत. कित्येक वर्षं रोजंदारीवर काढली, कायम व्हायला केस पांढरे झाले. आपला तुकडा मात्र त्यांना पाठ होता, कोणत्या मोरीत कचरा अडकतो तेही. मैलकुली परत हवेत, हे मलाही वाटतं. पण आधी कायम नोकरी, बूट, हातमोजे आणि पेन्शन मागा. स्वस्तात राबणारा माणूस म्हणून त्यांना परत बोलावू नका.

मूर्तिजापूरकर
ताई, हे मान्य. नालीचंही मान्य. पण खारपाणपट्ट्यात मुरूम सापडतो कुठं? लांबून आणावा लागतो, भाडंच भारी पडतं. साइडपट्टीवर शेतातली काळी मातीच लोटून मोकळे होतात, ती पहिल्या पावसात चिखल होते. मैलकुली नेमला तरी त्याच्या घमेल्यात टाकायला मुरूम कोण देणार, ते सांगा.