कोबीला कशाला दोष?
थायरॉईड मंद म्हणून कोबी-फ्लॉवर बंद करूनही टीएसएच (थायरॉईड मंदावला की रक्तात वाढणारं संप्रेरक) उतरत नाही, असं वर एका ताईंनी लिहिलंय. अहो, शिजवलेल्या कोबीने सहसा काही बिघडत नाही. थायरॉईडची गोळी कशी घेता ते आधी बघा. माझी आई वर्षभर गोळी तोंडात टाकून लगेच वाफाळता चहा प्यायची, पाठोपाठ कॅल्शियम. गोळीतलं थायरॉक्सिन (थायरॉईडचं संप्रेरक) अंगी लागणार कसं? आता उठल्याबरोबर नुसत्या पाण्याबरोबर गोळी, तासाभराने चहा, कॅल्शियम आणि लोह किमान ४ तासांनी. डोस तोच, पण दोन महिन्यांनी आकडा उतरला. आणि ते सैंधवाचं फॅड! थायरॉईडला लागणारं आयोडीन त्यात जवळपास नसतंच. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम लागतं. साधं आयोडीनयुक्त मीठ पुरे. केल्पच्या (आयोडीनयुक्त समुद्री शेवाळाच्या) गोळ्या मात्र मनाने घेऊ नका, जादा आयोडीननेही थायरॉईड मंदावू शकतो.