चौघांत एक फियाट: कुणी अशी भागीदारीत गाडी वापरली आहे का?

उद्यमनगरी:

गेल्या आठवड्यात माळ्यावरची पत्र्याची पेटी उपसताना एक 200 पानी वही हाताला लागली. पुठ्ठ्यावर माझ्याच अक्षरात एकच शब्द: गाडी. तिथंच शिडीवर बसून वाचत राहिलो. खालून बायको तीनदा ओरडली, मग चहा घेऊन तीच वर आली.

1987 साली कोल्हापुरात आम्ही चौघांनी मिळून जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. 1976 चं मॉडेल. रंग मूळचा पांढरा, आमच्याकडे आली तेव्हा ताकासारखा झालेला. किंमत 32,000, प्रत्येकी 8,000. मी उद्यमनगरात फौंड्रीत सुपरवायझर, मास्तर हायस्कुलात गणिताला, बंड्या दूध संस्थेत क्लार्क आणि अप्पा गुजरीत एका सराफाकडं कामाला. मारुती 800 रस्त्यावर येऊन तीन-चार वर्षं झाली होती, पण ती नवीकोरी, आमच्या खिशाबाहेरची. शिवाय फियाटच्या पुढच्या सीटवर तिघं आरामात बसायची, गिअर स्टिअरिंगलाच असल्यामुळं मधल्याच्या गुडघ्यांची अडचण नाही. (कंपनीनं नाव पद्मिनी ठेवलं, पण आमच्या गल्लीत तिला कुणी पद्मिनी म्हटल्याचं आठवत नाही. शेवटपर्यंत फियाटच.)

कागद मास्तरच्या नावावर, कारण पतसंस्थेला पक्की नोकरी त्याचीच वाटली. नियमही त्यानंच केले. रविवार आळीपाळीनं. गाडी नेली की वहीत तारीख, नाव, किलोमीटर, पेट्रोल आणि कारण लिहायचं. कारणाच्या रकान्यावरनं तेव्हा आम्ही त्याची लई टिंगल केली. आज वहीत वाचण्यासारखं तेवढंच आहे.

"3 जून. बंड्या. म्हशीचं औषध. 14 कि.मी."
"19 जुलै. अप्पा. बायकोला आणायला. निपाणी. 82 कि.मी."
"20 जुलै. अप्पा. बायकोला सोडायला. निपाणी. 82 कि.मी."
"23 जुलै. मास्तर व अप्पा. समजूत घालायला. निपाणी. 82 कि.मी. पेट्रोल अप्पाचे."

लग्नं, बाळंतपणं, एसटी स्टँड, अंबाबाईची ओटी, बंड्याच्या आईचा मोतीबिंदू, सगळं एका ओळीत. एकदोन ठिकाणी मीही खोटं कारण लिहिलंय, ते जाऊ दे.

गाडीची देखभाल म्हणजे चार डोकी आणि एक स्क्रू ड्रायव्हर. थंडीत चोक ओढून पाच मिनिटं घुरघुरत ठेवायची. मे महिन्यात बिंदू चौकात हमखास बंद पडायची, मग बॉनेट उघडून तापलेल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं. टाकीला बारीक भोक पडलं तर कपड्याचा साबण घासायचा, मिस्त्रीकडं जाईपर्यंत काम भागतं. बॅटरी उतरली की धक्का. धक्का मारणाऱ्यात मास्तर कधीच नसायचा, तो स्टिअरिंगवर. कागद त्याच्या नावावर ना!

शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की चौघं एकाच गाडीतनं जायचो. बंड्या पाटाकडीलचा, अप्पा शिवाजी तरुण मंडळाचा. येताना एकाला पुढं बसवायचं आणि एकाला मागं, नाहीतर महाद्वार रोडवरच उतरून सुरू. रात्री मात्र गंगावेशीच्या कट्ट्यावर चौघं एकत्र. समोर म्हैस पिळून फेसाळलेलं दूध ग्लासात. दूध पिताना भांडायचं नाही, हा एक नियम वहीत न लिहिता पाळला गेला.

सगळ्यात मोठी नोंद ऑगस्ट 1989 ची. गणपतीपुळ्याहून परत येत होतो, दोन वहिनी, तीन पोरं आणि आम्ही चौघं. (मोजू नका, फियाटमध्ये मावतात.) साखरप्याच्या पुढं आंबा घाट चढायला लागलो आणि रेडिएटर गळायला लागला. वर धो धो पाऊस, खाली पाणी संपलेलं. मास्तरच्या बायकोच्या पिशवीत पुळ्याला स्वयंपाकासाठी नेलेली हळद उरली होती. बंड्यानं ती रेडिएटरमध्ये ओतली, पोरांनी रस्त्याकडेच्या धबधब्याचं पाणी डब्यातनं आणलं. गळती थांबली! आनंद दहा मिनिटं टिकला, कारण घाटमाथ्यावर गिअर दुसऱ्यात अडकला. गिअरच्या दांड्यांचा जोड (लिंकेज) अंधारात सापडेना. मलकापूरपर्यंत दुसऱ्या गिअरवर आलो, इंजिनाची बोंब आणि पोरांची बोंब एकाच सुरात. वहीत बंड्याचं अक्षर आहे: "हळद 100 ग्रॅम, 3 रुपये. गाडीखर्चात धरावी का? विचाराधीन."

1997 ला गाडी 10,500 ला विकली. प्रत्येकी 2,625. शेवटच्या पानावर हिशोब मिटलाय, फक्त एक ओळ उघडी आहे: "मास्तर, येणे 11 रुपये."

तर मंडळी, कुणी अशी भागीदारीत गाडी चालवली आहे का? निभावलं का?

---

ताडदेवची लेक:

आमची फियाट काळीपिवळी होती. दिवसा बाबा, रात्री जौनपूरचे एक काका, त्यामुळे भागीदारी म्हणाल तर होतीच. इंजिन कधी गार झालेलं मी पाहिलं नाही. आमच्यासाठी ती संध्याकाळी सहा ते सात एवढीच असायची, पाळी बदलायच्या वेळी. त्या तासात बाबा आम्हा दोघी बहिणींना हाजीअलीपर्यंत फिरवून आणायचे आणि मीटर खाली पाडायला मला द्यायचे. डाव्या बाजूला बाहेर असायचा तो लोखंडी मीटर. खिडकीतून हात काढून तो फिरवताना जो खडाक् आवाज यायचा, तो अजून कानात आहे.

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून आमची गाडी आधीच मोडीत गेली. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा बाबांना ती टीव्हीवर दाखवली. ते म्हणाले, "पण हिचं कॅरिअर आपल्यासारखं नाही." बास, एवढंच.

तुमच्या वहीत रात्रपाळी होती का हो?

---

सातारी वकील:

मजा आली वाचून, पण माझा पेशा मला गप्प बसू देत नाही. कागद एकाच्या नावावर आणि चालवणारे चौघं. अप्पांनी निपाणीच्या रस्त्यावर कुणाला ठोकलं असतं तर कोर्टाची नोटीस मास्तरांच्या घरी आली असती. पेट्रोल वाटून घेणं वेगळं, भाडं घेणं वेगळं. खासगी विम्यात भाडं घेतलेलं चालत नाही. तुम्ही वहीत "भाडे" हा शब्द कुठे लिहिलेला नाही ना?

माझी पहिली गाडी मी एकट्याने घेतली आणि एकट्याने विकली. सांगण्यासारखं काही नाही.

---

ह्यूस्टनकर:

1998, टेक्सास, कॉलेज स्टेशन. आम्ही तिघं मराठी पोरं आणि दहा वर्षं जुनी होंडा सिव्हिक. दर दुसऱ्या शनिवारी दीडशे किलोमीटरवर ह्यूस्टनला, तांदूळ, तूरडाळ आणि पोह्यांसाठी. उन्हाळ्यात एसी लावला की गाडी चढ चढायची नाही. तिकडे चढ फारसे नाहीत हे नशीब.

आमच्याकडे वही नव्हती. टायर कुणी बदलले यावरून जे बिनसलं ते बिनसलंच. त्यातल्या एकाशी मी अजून बोलत नाही. मास्तरांना माझा नमस्कार सांगा.

---

उद्यमनगरी:

ताडदेवच्या ताई, रात्रपाळी होती, पण दवाखान्याची. माझी थोरली पोरगी त्याच गाडीनं रात्री दोनला दवाखान्यात पोचली, म्हणजे तिची आई पोचली. चालवत बंड्या होता. मी मागं बसून नुसता घाम पुसत होतो.

वकीलसाहेब, "भाडे" कुठंही नाही. "चहापाणी" बऱ्याच ठिकाणी आहे.

---

गणिताचा मास्तर:

नातवानं हा धागा दाखवला, म्हणून खातं उघडलं. टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

येणे 11 रुपये मान्य. वजा हळद 3 रुपये. ती आमच्या घरची होती, "विचाराधीन" म्हणून आठ वर्षं लटकवली. राहिले 8.

आता वहीतलं 12 डिसेंबर 1987 चं पान काढ. तुझ्या हातची नोंद: "बॅटरीचे पाणी आणणे, 58 कि.मी." बॅटरीचं पाणी उद्यमनगरात मिळत होतं, तुझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. 58 म्हणजे इचलकरंजी जाऊन येऊन. वहिनींचं माहेर कुठलं ते इथं लिहीत नाही. लग्न मे महिन्यात ठरलं आणि आम्हाला सांगितलंस की मुलगी स्थळ म्हणून आली होती. त्या पाच महिन्यांत बॅटरीचं पाणी तू एकूण सात वेळा आणलंस. 7 गुणिले 58 म्हणजे 406 कि.मी. लिटरला 11 धरले तर सुमारे 37 लिटर. ते पेट्रोल सामायिक खात्यातलं.

8 रुपये वजा जाता माझं येणं किती ते तूच काढ. बुधवारी रात्री कट्ट्यावर ये, बंड्या आणि अप्पाला फोन केला आहे. वही आण.

---

उद्यमनगरी:

मास्तर, वही कालपासून सापडेना झालीय.