आयरिश फिडलच्या (तिकडे व्हायोलिनला फिडल म्हणतात) चाली एकमेकांकडून घेतात कशा?

दादरचा व्हायोलिनवाला: बारा वर्षं हिंदुस्थानी व्हायोलिन वाजवतोय. मागच्या महिन्यात वांद्र्याला एका घरगुती बैठकीत एका बाईंनी आयरिश रील, म्हणजे जलद नाचाची चाल, वाजवली, तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. आयरिश चाली जमवणाऱ्या फ्रान्सिस ओनील यांचं १९०३ चं पुस्तक मिळवलं, १८५० चाली आहेत. स्वर अचूक लागतात, पण त्या रात्री ऐकलेलं त्यात येतच नाही. तिथले लोक शिकतात कसे?

क्लेअरहून मुलुंडला परत: मी दोन वर्षं आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यात नोकरीला होतो, दर गुरुवारी पबमधल्या सेशनला, म्हणजे एकत्र वाजवायच्या बैठकीला, जायचो. सात-आठ जण गोल करून बसतात, समोर कागद नाही. चाल लहान असते: आठ बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) एक भाग दोनदा, दुसरा दोनदा, झाले ३२. दोन-तीनदा वाजवली की न थांबता पुढची. पहिले काही आठवडे मी फिडल पेटीतून काढलीच नाही. मग एकदा शेजारच्या आजोबांना एक जिग (हीही नाचाचीच चाल) विचारली. त्यांनी रविवारी घरी बोलावलं आणि स्वयंपाकघरात बसून तुकड्या-तुकड्यानं दिली, प्रत्येक तुकडा माझ्या हातात बसेपर्यंत. नाव विचारलं तर नाव त्यांना ठाऊक नव्हतं, पण कोणाकडून घेतली ते लगेच सांगितलं. कित्येक चाली तशाच ओळखल्या जातात, ज्याच्याकडून आली त्याच्या नावानं.

पुस्तकात नुसता सांगाडा असतो. रोल (स्वराभोवतीची झटकन मुरकी) कुठे घ्यायचा, गज कुठे उलटायचा, ते दर परगण्याला बदलतं: डोनेगलला तुटक, एकेका स्वराला एकेक गज, स्लायगोला लपेटदार. आणि खुद्द ओनील यांना स्वरलेखन येत नव्हतं! शिकागोत त्यांच्या तोंडून ऐकून दुसऱ्यानं लिहिलं. म्हणजे ते पुस्तकही कानावरूनच आलंय.

लालबागचा पेटीवाला: आमच्या भजनी मंडळात हेच. वहीत अभंगाचे शब्द, चाल बुवांच्या गळ्यात. कोकणातले बुवा आले की मागे बसून उचलायची, आणि म्हणताना ‘ही अमक्या बुवांची’ हे आधी सांगायचं.

दादरचा व्हायोलिनवाला: त्या बाईंना फोन केला, रविवारी बोलावलंय. एकच चाल मागणार आहे. माझ्या तारा प-सा-प-सा लावलेल्या आहेत, बदलू का?

क्लेअरहून मुलुंडला परत: बदला, पाश्चात्त्य पद्धतीनं जी-डी-ए-ई लावून जा. मोकळ्या तारा त्या चालींत सतत वाजतात. आणि चाल आली की बाईंना ती कोणाकडून मिळाली, तेही विचारून घ्या.